घर काढलंस, माणसं कुठायत?

भिवंडी म्हटलं की आपल्याला आठवतात गोडाउनं, ट्रक आणि खटखटणारे पॉवरलूम. पण याच तालुक्याच्या डोंगरात कुडाच्या भिंतींची घरं आहेत आणि लोअर परळच्या एका एजन्सीत नोकरी करणारा एक चित्रकार दर रविवारी ती घरं वहीत उतरवतोय. त्याच्या पुस्तकाची गोष्ट लिहायला म्हणून गेले आणि ते पुस्तक माझ्यासमोरच बदललं...

मागच्या महिन्यात तुम्ही ऑनलाइन काय काय मागवलंत? शूज, हेडफोन, प्रोटीन पावडर? पार्सल कुठवर आलंय ते दर तासाला मोबाइलवर बघितलं असेल, तर 'भिवंडी' हे नाव एकदा तरी वाचलं असणारच. माणकोली नाक्यापासून आत वळलं की पत्र्याच्या अवाढव्य गोडाउनांच्या रांगाच रांगा लागतात. अर्ध्या मुंबईचं शॉपिंग तिथे मुक्कामाला असतं. आपल्यासाठी भिवंडी इथेच संपते.

माझ्या मित्राची भिवंडी मात्र इथून पुढे सुरू होते. वाडा रोडनं अंबाडी नाका, तिथून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे किंवा अलीकडेच दुगाडला वळून गुमताऱ्याच्या पायथ्याशी. शनिवारी रात्री उशिरापर्यंत क्लायंटचे 'फायनल', 'फायनल फायनल' आणि 'फायनल लास्ट' लेआउट करून हा पठ्ठ्या रविवारी पहाटे पाचला बाइक काढतो. पाठीवर सॅक. सॅकमध्ये दोन पेन्सिली, एक काळं पेन, चहाचा थर्मास आणि हातानं बांधलेली जाड कागदाची वही. वहीच्या पहिल्या पानावर फक्त तीन शब्द: 'भिवंडीची डोंगरातली घरं'.

हेच त्याचं पुस्तक. त्याचं नाव मात्र मी इथे छापायचं नाही. "पुस्तक झालं की छाप, आत्ता छापलंस तर बॉस विचारेल, एवढा फ्रेश कसा रे सोमवारी?" असं त्याचं म्हणणं.

ब्रोशरमधली झोपडी

सुरुवात अगदी फिल्मी नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका रिसॉर्टच्या ब्रोशरसाठी त्याला 'रस्टिक कॉटेज' काढायचं होतं. नेटवर शोधलं तर हजारो फोटो. सगळे आल्प्समधले नाहीतर अमेरिकेतले. बर्फ, ओंडक्यांच्या भिंती, धुराडं, खिडकीत पिवळा दिवा. त्यानं त्यातलंच एक जरा इकडे-तिकडे करून काढलं, क्लायंट खूश, चेक जमा. "पण मला लाज वाटली यार," तो सांगत होता. "मी भिवंडीचा. शाळेची पिकनिक वज्रेश्वरीला जायची. रस्त्यात शंभर झोपड्या बघितल्या असतील आणि मला एकही धड आठवेना. छप्पर भिंतीवर कसं टेकतं हेसुद्धा सांगता येईना."

पुढच्या रविवारी तो बघायला गेला. मग त्याच्या पुढच्या. मी फेब्रुवारीत पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेले तेव्हा वहीत ३४ घरं झाली होती.

आणि काय घरं होती! मी चित्रकलेत शाळेपासूनच ढ. तरीही पहिल्या पाच पानांत एक गोष्ट कळली. तो 'सीन' काढत नाही. डोंगर, सूर्य, नारळ, नदी असला काही प्रकार नाही. तो घर ज्या क्रमानं बांधलं जातं त्याच क्रमानं काढतो. आधी मेढी, म्हणजे वरच्या टोकाला बेचकं असलेले खांब. त्या बेचक्यांत आडवं आढं. आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे. वाशांवर बांबूच्या कांबी आणि त्यावर गवत, भाताचा पेंढा किंवा पळसाची पानं. भिंत सगळ्यात शेवटी!

"आपल्या बिल्डिंगमध्ये भिंत पाडायची तर सोसायटीची परमिशन लागते, इथे भिंतीवर काहीच उभं नाही," तो म्हणाला. सगळं वजन मेढींवर. भिंत नुसती आडोशाला. म्हणूनच ती कारवीची चालते.

कारवी तुम्ही ट्रेकला पाहिली असेल. सह्याद्रीच्या उतारांवर पुरुषभर उंच वाढणारं हे झुडूप साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं आणि फुललं की अख्खा डोंगर जांभळा होतो. मुंबई-ठाण्याच्या आसपास २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये लोक कॅमेरे घेऊन ते बघायला धावले होते. पण बी धरलं की झाड वाळतं आणि उरतात त्या सरळसोट, हलक्या, चिवट काठ्या. त्या शेजारी शेजारी उभ्या करून बांधायच्या, दोन्ही बाजूंनी माती आणि शेणाचा गिलावा द्यायचा. झाला कूड. खिडकी जवळजवळ नसतेच. चुलीचा धूर गवतातूनच वाट काढतो आणि जाता जाता छपरातल्या किड्यांचा बंदोबस्त करतो. वळचण इतकी खाली आणलेली की आत जाताना वाकावंच लागतं. कारण सोपं आहे. कोकणपट्टीतला तिरपा पाऊस मातीच्या भिंतीला लागला तर भिंत राहील का?

वळचण किती खाली आहे, हे तो प्रत्येक चित्रात दाराशेजारच्या उंचीवरून मोजून लिहितो. मला हे जाम आवडलं. चित्र कमी आणि घराचा एक्स-रे जास्त!

सातासमुद्रापारचे वहीवाले

असा वेडेपणा करणारा तो काही पहिलाच नाही. अमेरिकेत एरिक स्लोन (१९०५-१९८५) नावाचा चित्रकार होऊन गेला. मूळचा ढग रंगवणारा माणूस. वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात त्याचं ढगांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. पण तो नादावला तो शेतांवरच्या जुन्या लाकडी कोठारांच्या. ती पडत चालली होती, तेव्हा त्यानं १९५४ आणि १९६७ मध्ये त्यांच्यावर अख्खी पुस्तकं काढली. लाकडाचा सांधा कसा, खुंटी कुठे, कोणतं हत्यार कशासाठी, सगळं पेननं काढून शेजारी हातानं लिहिलेलं.

आपल्याकडे लॉरी बेकर. जन्मानं इंग्रज, मनानं भारतीय झालेला हा आर्किटेक्ट लग्नानंतर डॉक्टर बायकोबरोबर पिथौरागढजवळच्या डोंगरात पंधराएक वर्षं राहिला. दगड, माती, लाकूड यांची पहाडी घरं बघून आपण कॉलेजात शिकलो ते इथे निम्मंही उपयोगाचं नाही, हे त्याला उमगलं. पुढे केरळात त्यानं स्वस्त घरांचा ध्यास घेतला आणि मातीचं घर कसं बांधावं, खर्च कुठे वाचवावा, हे सांगणाऱ्या छोट्या छोट्या पुस्तिका स्वतःच्या हातानं चितारल्या. १९९० मध्ये पद्मश्री, २००७ मध्ये निधन. माझ्या मित्राच्या टेबलावर क्लायंटच्या फायलींखाली बेकरच्या पुस्तिकेच्या झेरॉक्स दडवलेल्या असतात.

तर असं सगळं डोक्यात घेऊन, 'पडत चाललेल्या घरांचा शेवटचा चित्रकार' वगैरे हेडिंग मनात ठरवून मी त्या रविवारी त्याच्याबरोबर एका पाड्यावर पोचले. पाड्याचं नाव देत नाही. दहा-बारा घरं, बहुतेक कातकऱ्यांची. सकाळचे आठ वाजलेले, कोवळं ऊन आणि समोर एक परफेक्ट घर. सारवलेली ओटी, कुडाची भिंत, दाराला बांधलेली काटकी. आसपास कुणी नाही, आवाज नाही. मी तर मोबाइलवर फोटो काढत सुटले. इथे एक हॅमॉक बांधला की काम फत्ते, असंसुद्धा म्हणाले. (हो, म्हणाले. आता लिहिताना कान गरम होतायत.)

दीड तासात चित्र झालं. सॉलिड झालं होतं.

आजीनं काढलेली चूक

एवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी आली. कडेवर दोनेक वर्षांचा नातू, मागे शेळी. तिनं वही हातात घेतली, जरा लांब धरून पाहिली. मित्रानं विचारलं, "आजी, बरोबर आलंय का घर?"

"घर बरोबर हाय," ती म्हणाली. "पन घर काढलंस, मानसां कुठं हायत?"

"कोणी नव्हतंच ना आजी इथे."

"नसतीलच. भट्टीवर गेल्यात सगळी. दिवाळी झाली की जातात. पाऊस लागंल तवा येतील."

दाराला ती काटकी का बांधली होती, ते तेव्हा कळलं. ते घर शांत नव्हतं, बंद होतं. त्या पाड्यावरची बहुतेक घरं तशीच. मी ज्याला 'सुकून' म्हणत होते तो म्हणजे पाड्यावरची कामाची माणसं सहा-सात महिने वीटभट्टीवर गेल्याचा सन्नाटा होता.

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं वही पहिल्यापासून उलटली. ३५ घरं. त्यातली २८ नोव्हेंबर ते मे या महिन्यांत काढलेली, कारण पावसात बाइक नेणं कटकटीचं. त्या २८ पैकी फक्त चार चित्रांत माणूस होता.

परतताना चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "जिव्या म्हशेंनी ही चूक कधीच केली नसती."

जिव्या सोमा म्हशे, वारली चित्रांचे पितामह. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या वतीनं भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या बाजूला गेले. तोवर वारली चित्रं काढायच्या त्या मुख्यत्वे बायका. लग्नाच्या वेळी, कुडाच्याच भिंतीवर, तांदळाच्या पिठानं. कुलकर्णींनी कागद पुढे केला आणि जिव्या म्हशेंच्या हातून भिंतीवरचं जग कागदावर उतरलं. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

वारली चित्रातलं घर आठवून पाहा. कुशनवर, मगवर, कुर्त्यावर आपण ते हजारदा पाहिलंय. त्यात पर्स्पेक्टिव्ह नसतं, सावली नसते. पण त्या घरात चूल पेटलेली असते, कुणी दळत असतं, कुणी भात कांडत असतं, ओटीवर कोंबड्या असतात. भिंत असूनही आतलं सगळं दिसतं. "मी पाच वर्षं जे. जे.मध्ये घर बाहेरून कसं दिसतं ते शिकलो," मित्र म्हणाला. "ते लोक घरात काय चाललंय ते काढतात."

आजी कातकरी, तिचा वारली चित्रांशी तसा संबंध नाही. पण प्रश्न तिनं तोच विचारला होता.

भोंगा

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. डोंगर चढायला नव्हे, आजीकडून पत्ता घ्यायला. तिनं पत्त्याबरोबर वालाच्या शेंगांची पिशवीही दिली. सुनेसाठी.

भट्टी त्याच तालुक्यात होती, बाइकनं पाऊण तास. हायवेवरून तुम्ही-आम्ही शेकडो वेळा जातो तेव्हा लांबून दिसणारा तो तांबडा ढिगारा. जवळून कधी पाहिलाय? मीही नव्हता पाहिला. मातीत भाताचा तूस आणि कोळशाची राख मिसळून चिखल मळायचा, तो साच्यात घालून कच्ची वीट पाडायची, उन्हात वाळवायची, मग रचून भट्टी लावायची. ऊन चढलं की काम जमत नाही, म्हणून माणसं मध्यरात्रीच उठतात. नवरा-बायको जोडीनं आणि हाताखाली पोरं. हिशेब हजार विटांमागे.

घरं सोडून ही माणसं इथे का येतात? भात निघाला की डोंगरात काम नाही. त्याआधीच, सणाच्या किंवा आजारपणाच्या खर्चाला मालकाकडून उचल घेतलेली असते. मग ती फेडायला पूर्ण हंगाम भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळते आणि खरा हिशेब पावसाच्या तोंडावर. तो जुळला नाही की बाकी पुढच्या वर्षावर. वेठबिगारी कायद्यानं १९७६ मध्येच बंद झाली. तरीही ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला १९८०च्या दशकापासून त्यासाठी लढावं लागलं, यावरून काय ते समजा.

आजीच्या सुनेनं शेंगा घेतल्या आणि आम्हाला तिच्या 'घरी' नेलं. त्याला भोंगा म्हणतात. विटा नुसत्याच एकावर एक रचलेल्या, मध्ये माती नाही की सिमेंट नाही. वर बांबू, झावळ्या आणि निळं प्लास्टिक. आत उभं राहता येत नाही. हंगाम संपला की छप्पर उतरतं आणि भिंतीच्या विटाही मालात जमा होतात. 'विधायक संसद' या संस्थेनं १९९०च्या दशकात भट्ट्यांवर मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांचं नावसुद्धा 'भोंगाशाळा' असंच होतं.

मित्रानं वही काढली. परवानगी मागितली ती मुकादमाची नाही, तिची. ती हसली. म्हणाली, "याचं काय काढायचं? हे घर हाय का?"

"इथे राहता ना तुम्ही?"

"राहतो. पन घर वर हाय."

तो काढत बसला. नेहमीच्याच पद्धतीनं. आधी काय उभं केलं, मग काय, छप्पर कशावर टेकलं. या घराला मेढ नव्हती. वळचणीची उंची त्यानं मोजून लिहिली. या वेळी मात्र आधी माणसं काढली. चुलीपुढे ती, शेंगा सोलणारी मोठी मुलगी, चिखलानं माखलेले पाय पसरून झोपलेला नवरा. त्यानंतर घर.

उजवं पान, डावं पान

आता पुस्तकाचा आराखडाच बदललाय. डाव्या पानावर डोंगरातलं घर, उजव्या पानावर त्याच कुटुंबाचा भोंगा. ३५ घरांमागची माणसं शोधायची म्हणजे आणखी दोन वर्षं तरी जाणार. "क्लायंट असता तर म्हणाला असता, ही उजवी पानं काढून टाका, मूड जातो," तो हसत म्हणाला.

मी त्याला एक टोचणारा प्रश्न विचारला. ही कुडाची घरं जायला नकोत, असं तुला वाटतं ना? त्यानं उत्तर दिलं नाही, जूनमधला किस्सा सांगितला. त्या किश्शाला मीही हजर होते.

पहिला पाऊस पडून गेला होता. पाड्यावर गेलो तर ओळखू येईना. पोरांचा गलका, कुत्री, धूर. दाराची ती काटकी सुटली होती. दोघं जण छपरावर चढून नवा पेंढा बसवत होते, खाली एक जण कांबी बांधत होता, आजीची सून पावसानं उडालेला गिलावा थापून सारखा करत होती. आणि घराच्या शेजारी एक नवं जोतं बांधून तयार होतं. घरकुल मंजूर झालं होतं. २०२३ मध्ये अतिमागास आदिवासी जमातींसाठी केंद्र सरकारनं पीएम-जनमन योजना आणली. महाराष्ट्रात त्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. घरामागे दोन लाख रुपये मिळतात.

मित्राचा चेहरा जरासा पडला असावा, कारण आजीनं लगेच पकडलं. "काय रं, तुला हेच घर आवडतं ना? मग तू रहा. दर साली गवत आनायचं, रातच्याला पानी गळलं की भांडी मांडायची. राहतोस?"

आम्ही दोघं गप्प. मी वन बीएचकेच्या लोनचे हप्ते भरते आणि तो तर पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्टसकट!

"स्लॅब पायजे," ती म्हणाली. "पन चूल हितंच ठेवनार. स्लॅबात धूर कुठं जायचा?"

त्या दिवशी त्यानं ३६वं चित्र काढलं. तेच घर, फेब्रुवारीत काढलेलं. छपरावर दोन माणसं, कांबी बांधणारा तिसरा, चिखलात हात बुडालेली सून, ओटीवर आजी आणि शेळी, बाजूला नवं जोतं. जोतं त्यानं गाळलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. काढून झाल्यावर वही आजीकडे दिली. तिनं पुन्हा ती लांब धरली. बोट ठेवत ठेवत एकेक माणूस मोजला. मग म्हणाली, "नातू राहिला."

नातू तिच्याच कडेवर होता. त्यानं वही परत घेतली आणि काढला.

चौकट: तुमचीही एक वही

पेंटिंगचा क्लास नको, महागडं किट नको. वीकेंडला एवढंच करा...

• एक जाड कागदाची वही, एक मऊ पेन्सिल आणि एक वॉटरप्रूफ काळं पेन. बास! खोडरबर घरीच ठेवा. चुकलेली रेघही राहू द्या.

• घर ज्या क्रमानं बांधलं असेल त्या क्रमानं काढा. आधी खांब, मग आढं, वासे, छप्पर आणि शेवटी भिंत. कळत नसेल तर घरातल्या माणसांना विचारा. त्यांना तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत असतं.

• आधी नमस्कार, मग परवानगी, मग वही. फोटो काढून पळू नका. चित्र झालं की दाखवा. पुढच्या वेळी त्याची झेरॉक्स नेऊन द्या.

• हात बसायला मिलिंद मुळीक यांचं 'स्केचबुक' चाळा. तेही मूळचे इंजिनीअर! एकट्यानं जायला संकोच वाटत असेल तर अर्बन स्केचर्सचे गट आहेत. २००७ मध्ये सिएटलमध्ये सुरू झालेली ही चळवळ आता मुंबई-पुण्यातही आहे.

• घराला काटकी लावलेली दिसली तर चित्राखाली महिना लिहा आणि घरातली माणसं कुठे गेलीत ते शेजारी विचारा. उत्तरही तिथेच, चित्राखाली लिहून ठेवा.